कॉलनी दीड इंचानं वाढली

माझ्या मुलीला शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा होता आणि त्यासाठी ती पावणेदोन इंच कमी पडत होती. त्या पावणेदोन इंचांसाठी मी जे काही केलं, ते आमच्या नातेवाइकांत अजूनही बारशाला, मुंजीला आणि एकदा तर एका तेराव्यालाही सांगितलं गेलंय. तेराव्याला माणसं इतकी हसली की शेवटी भटजींनी वर पाहिलं. तेव्हा दुसऱ्यांनी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. निदान मधेमधे माझी बाजू तरी घेता येईल.

बाजू अशी, की मोजणं हा माझा धंदाच होता. ऐंशीच्या दशकात सिल्वासाला कर माफ झाले म्हणून कारखाने आले आणि कारखाने आले म्हणून नाशिकहून आम्ही आलो. गलोंड्याच्या बाजूला आमचा कारखाना होता, बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं करणारा. मी तिथे क्वालिटीत. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं झाकण हातात घ्यायचं, मोजायचं आणि नाक मुरडायचं. ह्याचा पगार मिळायचा. राहायला टोकरखाड्यात कंपनीची सहा क्वार्टर्सची बैठी ओळ होती. तिलाच आम्ही कॉलनी म्हणायचो. माझी स्वतःची उंची पाच फूट तीन इंच. सकाळी सव्वातीन. माणूस सकाळी थोडा उंच असतो, हे शास्त्र आहे, आणि ते मला पाठ असण्याचं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल.

मुलगी झाली तेव्हा मी नाशिकच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बालविकासावरचं एक जाड पुस्तक घेतलं. मूल चौथ्या महिन्यात पालथं पडतं, सहाव्यात बसतं, आठव्यात रांगतं, वर्षाचं झालं की पाऊल टाकतं, असं त्यात ओळीनं दिलेलं होतं. मला ते वाचून फार बरं वाटलं. हे तर आमच्या कारखान्यासारखंच! मी आलेखाचा कागद आणला, वर एक तांबडी रेघ मारली, खाली एक तांबडी रेघ मारली, मधे वजन, उंची, दात, सगळं टिंबाटिंबांनी भरायला घेतलं. टिंब दोन रेघांच्या आत असलं की माल पास.

"अहो, ती काय झाकण आहे?" बायकोनं विचारलं.

"अगं, पद्धत तीच. फक्त झाकण रडत नाही."

आठव्या महिन्यात मुलीनं रांगायला हवं होतं. रांगली नाही. नववा महिना लागला, टिंब खालच्या रेघेच्या खाली गेलं. पुस्तकात लिहिलं होतं की मूल मोठ्यांचं अनुकरण करतं. म्हणून मी आठवडाभर रोज संध्याकाळी कारखान्यातून आलो की पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून तिच्यासमोर रांगायचो. ती उशीला टेकून बसायची आणि मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलो की टाळ्या वाजवायची. एका संध्याकाळी आमचे प्लांट मॅनेजर काही कागदावर सही घ्यायला म्हणून दारात आले. मी पलंगाखालून बाहेर येत होतो. त्यांनी शांतपणे कागद जमिनीवर ठेवला, पेन पुढे केलं, आणि मी तशीच सही केली.

मुलगी शेवटपर्यंत रांगली नाही. ती बसल्याबसल्याच एका हातानं वल्हवत घरभर सरकायची, आणि अशा वेगानं की जमिनीवर पोछा मारायची गरज उरली नाही असं बायको म्हणायची. चौदाव्या महिन्यात एक दिवस उठली आणि चालायला लागली. माझ्या तक्त्यात रांगण्याचा रकाना रिकामाच राहिला. त्यात पुढे कधीतरी बायकोनं बारीक अक्षरात लिहिलेलं मला सापडलं, 'गरज पडली नाही.'

बायकोचं स्वतःचं बालविकासाचं शास्त्र होतं. ते तिच्या आईकडून आलेलं आणि एका वाक्याचं होतं: कपडे वाढत्या अंगाचे शिवावेत. फ्रॉकच्या खाली आत दोन बोटं दुमड ठेवायची, पोर वाढलं की एक टीप उसवायची, आणखी वाढलं की दुसरी. कधी वाढेल, किती वाढेल ह्याची चौकशी नाही. "वाढेल तेव्हा वाढेल, कापड आत आहे," ती म्हणायची. मला हे शास्त्र फार ढिसाळ वाटायचं.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तिची उंची नोंदवू लागलो. चौकटीला टेकून डोकं, पाठ, टाचा. डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या ठेवून चौकटीवर पेन्सिलीची रेघ. गुण्या अशासाठी, की नुसतं पुस्तक डोक्यावर ठेवलं तर ते तिरकं होतं आणि आयांना हवं तितकं पोर उंच भरतं. जमिनीपासून टेप लावून मी पहिली रेघ पक्की केली. त्यानंतर दर वेळी मागच्या रेघेपासून नवी रेघ किती वर गेली तेवढंच मोजायचं आणि मिळवायचं. खालपासून परत परत कशाला मोजा? खूण आहे ना!

संदर्भासाठी म्हणून एका बाजूला माझीही एक रेघ मारून ठेवली. बायकोनं नकार दिला. "मला नका मोजू. माझं पूर्ण झालंय."

हळूहळू ती लागण कॉलनीभर झाली. शेजारच्या गुजराती बेननी आपल्या मुलासाठी बोलावलं, पलीकडच्या खान्देशातल्या मेंटेनन्सवाल्यांनी तिन्ही पोरांसाठी बोलावलं. दोन वर्षांत सहाच्या सहा क्वार्टर्सच्या चौकटींवर माझ्या हातच्या रेघा होत्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी कानावर पेन्सिल लावून, हातात गुण्या घेऊन घरोघर जायचो. चहा सगळीकडे मिळायचा.

मुलगी अकरा वर्षांची होईपर्यंत तिचं टिंब खालच्या तांबड्या रेघेला चिकटून चालत आलं होतं. वर्गात सगळ्यांत लहान. प्रार्थनेच्या रांगेत पहिली. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पहिलीला कुणाचं डोकं मधे येत नाही, असं तिचं म्हणणं. पण त्या वर्षी परीक्षा संपता संपता ती धावत घरी आली.

"बाबा, दोन ऑगस्टच्या संचलनाला आमच्या शाळेचा बँड जाणार! मला ड्रम हवाय. गळ्यात अडकवायचा असतो ना, तो. सर म्हणाले, हात चांगला आहे तुझा. पण…"

दोन ऑगस्ट म्हणजे आमच्या भागाचा मुक्तिदिन. त्या दिवशी अख्खं सिल्वासा मैदानावर असतं. 'पण' असा होता, की खेळाच्या सरांनी शाळेच्या ऑफिसबाहेरच्या भिंतीवर साडेचार फुटांवर एक रेघ मारली होती. ज्याचं डोकं रेघेला लागेल त्यानं बँडमध्ये यायचं. निवड सुट्टीनंतर, जूनमध्ये. त्या रात्रीच आम्ही चौकटीशी उभे राहिलो. चार फूट सव्वाचार इंच.

"पावणेदोन कमी," मी म्हणालो.

"दोन महिन्यांत होईल?" तिनं असं विचारलं, की जणू मी गोदामातून काढून देणार होतो.

इथे शहाण्या बापानं 'सांगता येत नाही' म्हणायला हवं होतं. पुस्तकातसुद्धा स्पष्ट लिहिलं होतं की ह्या वयात उंची झटक्यानं वाढते, पण तो झटका कुणाला दहाव्या वर्षी येतो, कुणाला तेराव्या, आणि त्याला घाई करता येत नाही. मी त्यातला 'झटक्यानं' एवढाच शब्द उचलला.

"होईल की!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून पाइपाचा एक तुकडा आला आणि व्हरांड्यात आडवा लागला. सकाळी शंभर आकडे लटकणं, संध्याकाळी शंभर. दूध दोन वेळा. दोरीवरच्या उड्या. झोपताना उशी नाही, पाय सरळ. मुलीनं एकदाही कटकट केली नाही. लटकता लटकता सतराचा पाढा म्हणायची, खाली उतरली की बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर दोन पेन्सिलींनी वाजवत अंगणात डावा-उजवा करायची. तळहाताला फोड आले तर रुमाल बांधून लटकली. ते रुमाल बघून मला कसंतरी व्हायचं, पण मी आलेखाकडे बघायचो.

शेजारच्या बेन कुंपणावरून रोज बघायच्या. "भाई, छोकरीने दूध पीवडावो ते बराबर. पण लटकाववाथी शुं थाय? आ कंई दूधी छे?"

"बेन, शास्त्र आहे."

"शास्त्र हशे. हाथ लांबा थई जशे छोकरीना," असं म्हणून त्या आत गेल्या, आणि चौथ्या दिवशी त्यांचा मुलगाही आमच्या पाइपाला लटकायला आला. मग मेंटेनन्सवाल्यांची तिन्ही. सकाळी आमचा व्हरांडा वटवाघळांच्या झाडासारखा दिसायचा.

मे महिन्यात बायको आणि मुलगी नाशिकला गेल्या. कॉलनीतली सगळीच बायकापोरं गावी जायची. तेवढ्यात कंपनीनं क्वार्टर्सची उखडलेली जमीन नीट करायला काढली आणि आम्हां पुरुषांना महिनाभर अथालच्या गेस्टहाउसवर ठेवलं. जूनमध्ये सगळी परतली तेव्हा घरोघर चकचकीत लाद्या बसलेल्या. बायको खूश. दोन दिवसांनी तिच्या बारीकसारीक तक्रारी सुरू झाल्या.

"अहो, पडदा जमिनीवर लोळतोय."

"धुऊन सैल झाला असेल."

"सुती कापड धुऊन आटतं." तिनं पडदा काढला आणि खालून दुमडून टीप मारली. मग म्हणाली, "दारं खालून रंधून ठेवलीत कुणीतरी."

"दमट हवा. लाकूड फुगतं. सुतारानं आधीच काळजी घेतली."

"आणि उंबऱ्याला ठेच लागेनाशी झालीय. दहा वर्षं रोज लागत होती."

"सवय झाली तुला."

प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं. माझं हे असं आहे, मला कारण सापडायला वेळ लागत नाही.

पहिल्याच रविवारी मुलगी चौकटीशी उभी राहिली. डोळे मिटलेले, मुठी वळलेल्या. मी गुण्या ठेवला, रेघ मारली, जुन्या रेघेपासून पट्टी लावली, आणि पुन्हा लावली. पावणेदोन इंच! सव्वाचारात पावणेदोन मिळवले की बरोबर सहा. साडेचार फूट, ना दोरा इकडे ना दोरा तिकडे.

मुलीनं किंकाळी फोडली. मी तिला उचलून गोल फिरवलं. बायको म्हणाली, "इतकी वाढली? मग युनिफॉर्मचा स्कर्ट कसा तेवढाच येतोय?" पण ऐकायला कोण होतं!

गुण्या घेऊन मी कॉलनीत निघालो. बेनचा मुलगा दीड इंच आणि थोडं. मेंटेनन्सवाल्यांचा थोरला पावणेदोन, मधला पावणेदोन, धाकटा दीड.

"काय भो!" मेंटेनन्सवाले थक्क झाले. "हा धाकटा तर दूध बी पीत नाही. लटकतो अन् दोन आकड्यांत पडतो. तो बी दीड?"

"बघा म्हणजे पद्धतीत किती ताकद आहे," मी म्हणालो.

आता, मी नव्या पोरांना कारखान्यात पहिल्या दिवशी काय शिकवायचो ते सांगतो. सगळी झाकणं एकाच बाजूला, एकाच मापानं चुकत असतील, तर झाकणं बघू नका, आधी मोजायचं गेज तपासा. हे वाक्य मी शेकडो वेळा बोललोय. त्या रविवारी ते मला आठवलं नाही. उलट संध्याकाळी बेननी भजी केली, मी व्हरांड्यात पाइपाखाली उभा राहून अर्धा तास बोललो. वाढीचे टप्पे, मणक्यांतल्या गाद्या, दूध. शेवटी कुणीतरी विचारलं की ह्या पद्धतीनं पगार वाढतो का.

सोमवारी शाळेत निवड होती. मुलगी वेणीला नवी रिबीन लावून गेली. संध्याकाळी मी घरी आलो तर ती पायरीवर बसलेली, बिस्किटाचा डबा उलटा मांडीवर, पण वाजवत नव्हती.

"सर म्हणाले दीड इंच कमी."

"अशक्य!"

"बाबा, शाळेची भिंत चुकीची आहे का?"

रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच माझ्याकडे बघत होती, आणि तिला पक्की खात्री होती की चूक भिंतीची आहे, कारण मोजणारा तिचा बाप होता.

"चुकीचीच असणार," मी म्हणालो आणि दुसऱ्या सकाळी कारखान्याचा पोलादी टेप खिशात घालून शाळेत गेलो.

खेळाचे सर कोकणातले, शिडशिडीत, तोंडात सदैव शिट्टी. मी त्यांना म्हटलं की तुमची रेघ तपासायची आहे. त्यांनी शिट्टी काढली.

"तपासा की. पण काय हो, आजवर पालक मार्क तपासायला येत. भिंत तपासायला तुम्हीच पहिले."

मी गुडघ्यावर बसून टेप लावला. एका बाजूनं लावला, दुसऱ्या बाजूनं लावला, जमिनीला उतार आहे का पाहिलं. पहिलीतली दहा-बारा मुलं भोवती जमली. साडेचार फूट. भिंतीत एका दोऱ्याचीही चूक नव्हती.

"पास आहे का आमची भिंत?" सरांनी विचारलं.

"पास आहे," मी म्हणालो, आणि टेप माझ्या हातातून सुटून खडखडत आपला आपण गुंडाळला गेला.

त्या संध्याकाळची गोष्ट. मुलगी बराच वेळ चौकटीकडे बघत होती. मग तिनं स्टूल ओढलं.

"बाबा, तुम्ही उभे राहा."

"मी कशाला?"

"राहा ना. तुमची रेघ आहे तिकडे."

मी उभा राहिलो. तिनं स्टुलावर चढून माझ्या डोक्यावर गुण्या ठेवला, अगदी मी ठेवतो तसा दाबून, आणि रेघ मारली. पट्टी लावली. मग फार हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हीपण वाढलात. दीड इंच."

खोटं कशाला बोलू, एक क्षण मला आनंद झाला. चाळिशीला टेकल्यावर दीड इंच! पाच फूट साडेचार! मी छातीही थोडी पुढे काढली. आणि मग ती आणि मी, दोघांनीही एकाच वेळी खाली बघितलं.

नवीन लाद्या छान चमकत होत्या. जुनी जमीन न खणता तिच्यावरच बसवलेल्या, खाली सिमेंटचा थर, वर लादी. मी टेप काढून चौकटीवरच्या सगळ्यांत पहिल्या रेघेपासून खाली मोजलं आणि मूळ मापात किती कमी पडतं ते पाहिलं. दीड इंच. आमच्यातलं कुणीच वाढलं नव्हतं, जमीन वर आली होती.

"पडदा लोळतोय म्हणून मी कधीची सांगतेय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मला हसू येत होतं, पण मुलीकडे बघून मी ते आवरलं.

"म्हणजे मी वाढलेच नाही?"

"पाव इंच वाढलीस. खरंच."

"पाव इंचाचं काय करू मी?" आणि आता ती रडली. अंगठ्याखालचे फोड नुकतेच वाळले होते, त्याच हातांनी डोळे पुसत रडली. "तुम्ही म्हणालात होईल. मी एकही दिवस चुकवला नाही, बाबा. नाशिकलापण झाडाला लटकत होते."

ह्याला माझ्याकडे कारण नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच नव्हतं. मी तिथेच नव्या लादीवर खाली बसलो आणि म्हणालो, "तू चुकली नाहीस गं. मी चुकलो. मी खालून मोजायला हवं होतं."

बायको हात पुसत बाहेर आली. "मला एक सांग, साडेचार फूट कशाला हवेत? ड्रम काय डोक्यानं वाजवायचाय?"

"सरांनी सांगितलंय," मुलगी हुंदके देत म्हणाली.

"सरांनी का सांगितलंय ते विचारलंत कुणी?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी टेप घेऊन शाळेत जाऊन आलो होतो, गुडघ्यांवर बसलो होतो, पण हा प्रश्न विचारला नव्हता.

बुधवारी बायको स्वतः गेली. मी मागे उभा होतो, हात मोकळे. सरांनी सरळ सांगितलं, "ताई, मला उंचीचं काय लोणचं घालायचंय? गणवेश एकाच मापाचे शिवून आलेत. लहान पोरांच्या पॅन्टा पायाखाली येतात, मागच्या साली एक पोरगा तोंडावर आपटला भर मैदानात. आणि ड्रमाचा पट्टा लांब, तो गुडघ्याला लागतो चालताना. म्हणून रेघ."

"एवढंच ना?" बायको म्हणाली. "पॅन्ट द्या एक. आणि तो पट्टा ह्यांच्याकडे द्या, भोकं पाडतील. तेवढं त्यांना चांगलं जमतं."

सरांनी मुलीकडे बघितलं. "पाच फेऱ्या मैदानाच्या. ड्रम घेऊन. पाऊल चुकलं तर नाही म्हणजे नाही. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली.

मी कारखान्याच्या टूलरूममध्ये पट्ट्याला दोन भोकं पाडली. किती अंतरावर, ते तिच्या गळ्यात ड्रम अडकवून, ड्रम गुडघ्यापासून चार बोटं वर राहील असं बघून ठरवलं. बोटांनी. पॅन्ट बायकोनं खालून आत घेतली, कापडाचा दोराही कापला नाही. शनिवारी शाळेच्या मैदानावर पाच फेऱ्या झाल्या. इतर मुलांची तीन पावलं पडायची तेव्हा तिला जवळजवळ चार टाकावी लागत, म्हणून तिनं पाऊल लांब टाकायची सवय अंगणातच करून घेतली होती. चौथ्या फेरीला तिचं तोंड लालबुंद झालं. मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो, ते मधेच सोडून दिले. पाचवी झाली. सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाले, "रांगेत पहिली राहशील. पहिल्याचं चुकलं की सगळ्यांचं चुकतं, लक्षात ठेव."

राहिला प्रश्न कॉलनीचा. रविवारी मी घरोघर जाऊन कबुली दिली. मेंटेनन्सवाले लादीवर हात ठेवून इतके हसले की त्यांच्या घरात आवाज घुमला. "भो, म्हणजे तुम्ही आमच्या घराची उंची कमी केली म्हणा!" बेननी मात्र गंभीरपणे विचारलं, "एटले मारो छोकरो पाछो नानो थई गयो?"

"नाही बेन, तो आहे तेवढाच आहे."

"तो पछी लटके छे शुं काम?" त्यांनी बाहेर जाऊन मुलाला पाइपावरून खाली काढलं. पुढे त्या पाइपावर कपडे वाळू लागले. जागा चांगली होती, उन्हाची.

दोन ऑगस्टला भुरभुर पाऊस होता. शाळेचा बँड मैदानात शिरला तेव्हा पुढच्या रांगेत डावीकडे सगळ्यांत लहान आकृती, आणि तिच्या हातांतल्या काड्या सगळ्यांत वर उडत होत्या. मी छत्रीच्या दांड्यावर बोटांनी तोच ठेका धरला. शेजारी बेन ओरडत होत्या, "जुओ, जुओ, आपणी छोकरी!" मागून मेंटेनन्सवाले म्हणाले, "भो, मैदान तर दीड इंच वर आणलं नाही ना?" मंडपासमोरून जाताना तिनं आमच्याकडे बघितलं नाही. पहिल्याचं चुकलं की सगळ्यांचं चुकतं.

पुस्तकातला झटका तिला पुढच्या हिवाळ्यात आला, मी मोजणं बंद केल्यावर. कुणी लटकलं नाही, दूधही एकदाच. पुढच्या जुलैत सरांनी तीच पॅन्ट घरी पाठवली, 'आखूड होतेय, सोडून द्या' असं सांगून. मी स्कूटरवरून घरी आलो तेव्हा बायको खिडकीशी बसून टीप उसवत होती. आत घेतलेलं सगळं कापड तिनं सोडलं आणि इस्त्री फिरवली. दुमडीची रेघ मात्र गेली नाही, घोट्याच्या वर एक फिकट आडवी खूण राहिलीच.

मुलीनं पॅन्ट चढवली, खाली वाकून त्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, ही खूण तरी बरोबर आहे?"

मी टेप शोधायला उठलो नाही. खुणेपासून खालच्या काठापर्यंत माझी चार बोटं ठेवली. पूर्ण बसली.

"पास," मी म्हणालो.